ट्रंकेतली रूमी टोपी

*कपडेपटातून : वाचकांचे प्रश्न, मावशींची उत्तरं*

गेल्या अंकात पगडी आणि पागोट्यातला फरक सांगितला आणि मला वाटलं, डोक्याचा विषय संपला. कुठला! महिनाभर टोप्यांचीच पत्रं येतायत. त्यातली बरीचशी लाल, गोंड्याच्या टोपीबद्दल आहेत, म्हणून हा अंक तिलाच देऊन टाकते. माझी ओळख नव्या वाचकांसाठी एका ओळीत: वडील औरंगाबादला गुलमंडीजवळ शेरवान्या शिवायचे, मी चाळीस वर्षं नाटकांचे कपडेपट सांभाळले. इतिहासाची पदवी नाही, पण टोप्या हातून खूप गेल्यात.

वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची लाल, काळ्या गोंड्याची टोपी सापडली. आजोबा निजामाच्या काळात तहसील कचेरीत कारकून होते, रोज संध्या करणारे. धाकटा भाऊ म्हणतो, ही मुसलमानी टोपी आपल्या घरात आलीच कशी? घरात वाद पेटलाय. फोटो पाठवते आहे. — एक वाचक भगिनी, परभणी

ताई, तुमचा फोटो मी फोनवर मोठा करकरून पाहिला. आतली चामड्याची पट्टी बघा. कपाळाच्या बाजूला काळी कुळकुळीत झालीय, मागच्या बाजूला अजून तपकिरी आहे. ते खोबरेल तेल आणि घाम आहे. म्हणजे ही टोपी कुणी भेट दिली आणि ठेवून दिली, असं नाही. आजोबांनी ती रोज, वर्षानुवर्षं घातली. भावाला आधी एवढं दाखवा.

आपल्या मराठवाड्यात हिला 'रूमी टोपी' म्हणत, बाकी महाराष्ट्रात 'तुर्की टोपी'. रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. जुन्या कागदांत 'रूमशाम' येतं ते हेच. १५४९ साली अहमदनगरला मुलूख-ए-मैदान तोफ ओतणारा कारागीर मुहम्मद बिन हसन रूमी, तोही तिकडचाच. (रुमालाचा याच्याशी काही संबंध नाही. तिथला 'रू' म्हणजे चेहरा. हे लिहिलं नाही तर पुढच्या महिन्यात तीच चार पत्रं येतील.)

हिंदुस्थानात ही टोपी रुजली ती शिकलेल्या, नव्या वळणाच्या मुसलमानांत. सर सय्यद अहमद खान ती घालत. त्यांनी १८७५ साली अलीगढला काढलेल्या संस्थेत काळा तुर्की कोट आणि लाल टोपी हा विद्यार्थ्यांचा वेश झाला. हैदराबाद संस्थानात मात्र तिचा अर्थ थोडा सैल झाला. तिथे ती शहरी माणसाची, नोकरदाराची टोपी होती. मुसलमानांच्या डोक्यावर जास्त, हे खरं; पण वडील सांगायचे की त्यांच्याकडे शेरवानीचं माप द्यायला येणाऱ्या कायस्थ, ब्राह्मण, मारवाडी कारकुनांपैकी कितीतरी जण खुंटीला रूमी टोपी अडकवून मगच हात वर करायचे. कचेरीत बोडक्याने जायची सोय नव्हती. बोडकं डोकं म्हणजे घरात सुतक. खुद्द निजाम मीर उस्मान अली खान फोटोत दिसतात ते याच टोपीत, आणि त्यांची ती बऱ्यापैकी मळकी असायची. जगातला एक नंबरचा श्रीमंत म्हणवला जाणारा माणूस. वडिलांना त्या टोपीचं फार दुःख होतं.

गंमत पुढे आहे. तुमचे आजोबा १९३५ च्या सुमारास ही टोपी घालून परभणीच्या कचेरीत जात असतील, तेव्हा तुर्कस्तानात ती घालणं गुन्हा होऊन दहा वर्षं झाली होती! टोपी ज्यांच्या नावाने ओळखली जायची त्यांनी टाकली, आणि आपण इथे इस्त्री करून घालत होतो. १९२४ मध्ये खिलाफत संपली, शेवटचे खलिफा अब्दुलमजीद फ्रान्समध्ये जाऊन राहिले, आणि १९३१ साली त्यांची मुलगी दुर्रुशेहवार निजामाची थोरली सून झाली. तिकडून हद्दपार झालेलं बरंच काही हैदराबादने घरात घेतलं, त्यात ही टोपी होतीच.

मग सप्टेंबर १९४८ आला. पोलिस अॅक्शन झाली, संस्थान संपलं. त्या हिवाळ्यात आमच्या दुकानात गांधी टोप्यांसाठी पांढरं कापड पुरेना, असं आई सांगायची. रूमी टोप्या कुणी जाळल्या नाहीत, फेकल्या नाहीत, ट्रंकेत गेल्या. चांगल्या लोकरीची वस्तू टाकायची कशी, हा मराठवाडी हिशेब.

भावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर पुढच्या पत्रात आहे.

तुर्कस्तानात टोपीसाठी माणसं फाशी दिली, असं वाचलं. खरं आहे का? टोपीवर बंदी घालण्यासारखं त्यात असतं तरी काय? — एक विद्यार्थी, पुणे

खरं आहे. पण तू गोष्ट शेवटाकडून उचललीस. ती सुरू होते १८२६ ला.

त्या वर्षी सुलतान महमूद दुसरा याने जानिसारी, म्हणजे सुलतानांची जुनी पायदळ फौज, मोडून काढली, तोफा लावून. नवी फौज उभी केली, तिला नवा गणवेश हवा होता. खुस्रो पाशा नावाच्या सेनापतीने ट्युनिसहून आणलेल्या लाल टोप्या सुलतानाला पसंत पडल्या. १८२९ मध्ये सुलतानाने सरकारी नोकरांनाही तीच लागू केली. त्याआधी तिथे पागोट्याचा घेर, रंग, वेढे पाहून माणूस काझी आहे की शिपाई, मुसलमान आहे की ज्यू की आर्मेनियन, हे रस्त्याच्या पलीकडून कळायचं. आपल्याकडे पगडीचा घाट पाहून माणूस पुण्याचा की शिंद्यांच्या चाकरीतला ते कळायचं, तसंच. सुलतानाला हे पुसायचं होतं. पाशा, ग्रीक सावकार, आर्मेनियन डॉक्टर, सगळ्यांच्या डोक्यावर एकच लाल डबा. टोपीला कड नाही, कारण नमाजात कपाळ जमिनीला टेकायला हवं. तेवढी सोय ठेवली.

आता ऐक. तेव्हाचे जुन्या वळणाचे लोक काय म्हणाले असतील? ही काफिरांची टोपी आहे! पागोटं सोडून हे कुठलं नवं खूळ! मौलवींनी तर तडजोड म्हणून टोपीवरच पांढरं कापड गुंडाळलं. कैरोच्या अल-अझहरचे शेख आजही तसंच बांधतात.

मी आठ वर्षांपूर्वी ज्येष्ठ नागरिकांच्या टूरबरोबर इस्तंबूलला गेले होते. खरेदीला दोन तास दिले होते. मी बाजार सोडून दिवानयोलू रस्त्यावर याच महमूदच्या कबरीच्या आवारात जाऊन बसले. तिथे पुरुषांच्या कबरीवरच्या उभ्या दगडाला वर टोपी कोरलेली असते. आणि तिथे रांगेने दगडी फेझ, म्हणजे हीच आपली टोपी! गोंड्याचा धागान्‌धागा कोरलेला, एके ठिकाणी तर गोंडा वाऱ्याने जरा बाजूला गेल्यासारखा. शहरातल्या जुन्या कबरस्तानांत पागोट्याचा दगड दिसला की साधारण १८२९ च्या आधीचा, फेझ दिसली की नंतरचा. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण काळ कळत होता. टूरवाल्या बायका म्हणाल्या, मावशी, तुम्ही स्मशानात काय केलंत इतका वेळ. काय सांगणार?

गोंड्याचं एक सांगते. सुरुवातीचे गोंडे भलतेच मोठे, निळ्या रेशमाचे, खांद्यावर लोळणारे. वारा आला की गुंता. तुर्की भाषेत मोठ्या कटकटीला 'गोंडेवाली बला' म्हणतात, ते यावरूनच आलं असं तिकडे सांगतात. पुढे गोंडा आखूड झाला, टोपीही सुलतानागणिक बदलली: अब्दुलअझीझच्या काळात बुटकी, अब्दुलहमीदच्या काळात उंच. फॅशन म्हणजे फॅशन.

शंभर वर्षांत नवं खूळ जुनी परंपरा होऊन बसलं. मग तुर्की प्रजासत्ताकाचे अध्यक्ष मुस्तफा कमाल, म्हणजे कमालपाशा, आले. ऑगस्ट १९२५ मध्ये ते कस्तमोनू भागात पनामा हॅट घेऊन गेले, लोकांना म्हणाले, या वस्तूचं नाव हॅट. २५ नोव्हेंबर १९२५ ला कायदा झाला: अंमलदारांनी आणि खासदारांनी हॅटच घालायची, जनतेनेही दुसऱ्या टोपीचा हट्ट धरायचा नाही. एर्झुरूम, रिझे अशा गावांत दंगे झाले, फौज गेली, फाशा झाल्या. इस्किलिपचे आतिफ होजा यांनी पाश्चात्त्य हॅटविरुद्ध पुस्तिका लिहिली होती ती १९२४ साली, म्हणजे कायद्याच्या आधी. तरी त्यांना ४ फेब्रुवारी १९२६ ला फासावर चढवलं. या ठिकाणी मला कमालपाशांची बाजू घेता येत नाही. बाकी त्यांचं कौतुक शाळेत असल्यापासून ऐकलंय.

लोकांनी वाट काढलीच. पुढे झापड असलेली कॅप घ्यायची आणि नमाजाच्या वेळी झापड मागे फिरवायची. आजकालची पोरं क्रिकेट बघताना घालतात तशी.

आणि १९३२ चा किस्सा. अंकाऱ्याला प्रजासत्ताक दिनाची मेजवानी. इजिप्तचे राजदूत अब्दुल मलिक हमझा तिकडच्या शिष्टाचाराप्रमाणे फेझ घालून आले. कमालपाशांनी त्यांना ती काढायला लावली. इजिप्तमध्ये टोपी काढणं म्हणजे अपमान, युरोपात न काढणं म्हणजे अपमान. दोन देशांत पत्रापत्री होऊन प्रकरण कसंबसं मिटलं. वीस वर्षांनी, १९५२ च्या क्रांतीनंतर इजिप्तमध्येही ही टोपी साहेबी, राजेशाही थाटाची ठरून मागे पडली.

तर परभणीच्या ताईंच्या भावाला सांगायचं ते हे: १८२९ मध्ये ही टोपी डोक्यावर आली ती माणसाचा धर्म दिसू नये म्हणून.

ही टोपी इतकी ताठ कशी उभी राहते? आत पुठ्ठा असतो का? — कोल्हापूर

पुठ्ठा आमच्या नाटकातल्या टोपीत असतो. खऱ्या टोपीत नाही.

तुमच्याकडे लोकर दाबून बुरणूस करतात ना, तेच तत्त्व. ट्युनिसमध्ये हिला शेशिया म्हणतात आणि तिथे अजून हाताने होते. आरियाना गावच्या बायका पांढऱ्या लोकरीची मोठी थोरली, ढगळ टोपी सुयांवर विणतात; पाहिली तर वाटेल पिशवीच आहे. मग ती गरम पाण्यात साबणाने तुडवून तुडवून आटवायची, जवळजवळ निम्मी होईतो. टाके एकमेकांत असे मुरतात की वीण दिसतच नाही. मग एका रानझाडाच्या सुक्या काटेरी बोंडांनी घासून तिची लव वर काढायची, रंगवायची, साच्यावर बसवायची. १६०९ पासून स्पेनमधून हाकलून दिलेल्या मुसलमानांनी हा धंदा ट्युनिसमध्ये वाढवला. तिथल्या जुन्या शहरात टोपीवाल्यांची अख्खी पेठ आहे, शेशियावाल्यांच्याच नावाची.

फेझ हे नाव मोरोक्कोतल्या फेस शहराचं. लाल रंग पूर्वी ओकच्या झाडावरच्या किड्यापासून निघायचा, त्या किड्याचं नाव किरमिझ. आपण 'किरमिजी' म्हणतो ना, तोच शब्द. आई दसऱ्याला नेसायची त्या लुगड्याच्या रंगात ट्युनिसच्या टोपीचा किडा बसलाय, हे मला साठीत कळलं.

ताठपणा येतो तो साच्याने. पितळी साचा, आत एक आणि वरून एक. टोपी ओलसर करायची, आतल्या साच्यावर चढवायची, वरून तापवलेला साचा दाबायचा. वाफ भसकन निघते आणि ओल्या लोकरीचा वास, मेंढ्या पावसात भिजल्यावर येतो तो. चपला शिवणाऱ्यांचं कालबूत असतं, तसाच हा प्रकार. हैदराबादी बोलीत 'कालिब', तुर्कीतही जवळजवळ तोच शब्द. टोपी पावसात भिजली, गर्दीत चेपली की कालिबवाल्याकडे न्यायची, दोन मिनिटांत नवी. कैरोत घुरिया भागात असे पितळी साचे अजून तापतात. आत ताडाच्या पातीची जाळी घालायची चाल आहे, त्याने डोक्याला वारा लागतो.

आणखी एक, कारण तुम्ही कोल्हापूरचे, स्वदेशीचं तुम्हाला आवडेल. पुण्यात १९०५ साली परदेशी कापडाची होळी झाली. तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला तेव्हा तुर्कांनी ऑस्ट्रियन मालावर बहिष्कार टाकला आणि त्यांच्या लक्षात आलं, आपल्या डोक्यावरची टोपीच ऑस्ट्रियाहून येते! रस्त्यात लाल टोप्या फाडल्या, लोक पांढऱ्या नमद्याच्या आणि कातडी टोप्या घालून फिरले. राष्ट्राची खूण परदेशी गिरणीत बनायची. आपल्या झेंड्यांचं आज काय चाललंय ते विचारू नका.

आजेसासऱ्यांची अशीच टोपी आहे. कसर लागलीय. धुवावी का? — नागपूर

नको, नको, नको.

१९८३ मध्ये एका नाटकासाठी मला खरी रूमी टोपी हवी होती. आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर चाचांनी त्यांच्या वडिलांची दिली, कागदात गुंडाळून. प्रयोगाआधी मला ती जरा मळकट वाटली. मी शहाणी! रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवली. पाणी आधी गुलाबी झालं, मग डाळिंबाच्या रसासारखं. मी घाबरून बाहेर काढली, उन्हात ठेवली. संध्याकाळी पाहते तर टोपी आक्रसून पाच वर्षांच्या पोराच्या डोक्याएवढी, आणि एका बाजूला रंगाचा ओघळ. परत द्यायला गेले तेव्हा चाचांनी टोपी हातात घेतली, उलटी करून आत पाहिलं, कपाटात ठेवली आणि मला चहा विचारला. रागावले असते तर बरं झालं असतं. पुन्हा त्यांच्याकडे काही मागायला मी गेले नाही.

तर असं करा. बाहेर अंगणात नेऊन मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झटका, आतली पट्टी उलटून शिवणीत अंडी आहेत का पाहा. मग प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. संग्रहालयवाले हेच करतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या, नाहीतर दव धरेल. मग आत जुन्या, धुतलेल्या मलमलचा बोळा भरून सुती कापडात ठेवा. वर्तमानपत्र भरू नका, शाई उतरते. कडुलिंबाचा पाला ठेवा हवा तर. त्याने कसर जाते असा माझा अनुभव नाही, पण सासूबाईंना बरं वाटेल. इस्त्री तर अजिबात नको. गोंडा विंचरायचा मोह आवरा.

इथे चार जुलैच्या मिरवणुकीत लाल फेझ घातलेले गोरे आजोबा चिमुकल्या मोटारींत बसून गोल गोल फिरत होते. हे काय प्रकरण? — न्यू जर्सी

ते श्राइनर. न्यूयॉर्कमध्ये १८७० च्या दशकात फ्रीमेसन नावाच्या बंधुमंडळातल्या लोकांनी मौजेसाठी काढलेला संघ, अरबी थाटाची नावं आणि टोपी घेऊन. अरबस्तानाशी नातं तेवढंच. पण १९२२ पासून हे लोक मुलांची इस्पितळं चालवतात, तेव्हा हसायचं असेल तर मोटारींना हसा.

शाळेच्या स्नेहसंमेलनात 'अलीबाबा' बसवतोय. चाळीस फेझ कशा कराव्या? — एक शिक्षिका, नाशिक

बाई, अलीबाबाच्या चोरांच्या डोक्यावर फेझ नको. इराणातल्या जुन्या गोष्टीत १८२९ ची सरकारी टोपी कशाला? चाळीस जुन्या ओढण्या गोळा करा आणि फेटे बांधा, खर्चही वाचेल.

तरीही मुख्याध्यापकांचा हट्टच असला तर: पुठ्ठ्याचा नळा, खाली मुलाच्या डोक्याचा घेर, वर त्यापेक्षा बोटभर कमी. वर चपटी चकती. त्यावर लाल फेल्ट चिकटवा, मखमल नको, दिव्याखाली चमकते. जोड मागच्या बाजूला घ्या. खऱ्या टोपीला शिवण नसते, आणि पहिल्या रांगेत एक तरी म्हातारा बसलेला असतो ज्याला हे माहीत असतं. आमच्या नाटकाला परभणीतच भेटला होता. गोंडा कडेला नाही, बरोबर मध्यातून, आणि काळाच. चांदतारा चिकटवू नका, तो बाजारातल्या प्रवाशांच्या टोपीवर असतो. गेल्या वर्षी एका शाळेने सोनेरी जरीचे गोंडे लावले होते. पोरं रांगेने उभी राहिली तर आकाशकंदील टांगल्यासारखी दिसत होती.